इंडिकेटरची टिकटिक : फ्लॅशर रिले घरच्या घरी बदलताना

ज्या घरांत एका पिढीपूर्वी सायकल ही मोठी मिळकत समजली जाई, त्यांतील कित्येक घरांपुढे आज चारचाकी उभी आहे. आपल्या शाळेच्या पालक मेळाव्याच्या दिवशी फाटकाबाहेर लागणारी वाहनांची रांग पाहिली तरी हे ध्यानात येते. त्या रांगेत माजी विद्यार्थ्यांच्या नव्या गाड्या असतात, तशाच पालकांच्या पोटापाण्याच्या जुन्या गाड्याही असतात : वडाप, टॅक्सी, मुलांची ने-आण करणारी व्हॅन, भाजीपाल्याचा टेम्पो. स्मरणिकेत आठवणी, कृतज्ञता आणि धम्मचिंतन यांचे लेख येतात व ते यायलाच हवेत. तथापि या वेळी मी एका काडेपेटीएवढ्या वस्तूविषयी लिहिण्याचे ठरवले आहे. गाडी वळवताना चालकाच्या गुडघ्यापाशी जी टिकटिक ऐकू येते ती करणारी ही वस्तू. तिला दुकानात ‘फ्लॅशर’ म्हणतात आणि पुस्तकात ‘फ्लॅशर रिले’.

मी इतिहासाचा शिक्षक; यंत्रशास्त्राचा नव्हे. म्हणूनच हे लिहिण्यास मी योग्य आहे असे मला वाटते, कारण जे इतिहासाच्या शिक्षकाला दोन संध्याकाळी समजले ते कोणाही पालकाला समजेल.

आमच्या घरी वीस वर्षांची एक लहान गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे दोन्ही बाजूंचे इंडिकेटर पेटत, पण त्यांची उघडझाप होत नसे. तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले, की स्टिअरिंगखालचा संपूर्ण स्विच आणि त्यासोबत थोडी वायरिंग बदलावी लागेल. सांगितलेला आकडा मासिक पगार घेणाऱ्यालाही बोचावा असा होता. प्रत्यक्षात बिघाड फ्लॅशरमध्ये होता. काही शे रुपयांची ती वस्तू आणून बसवण्यास अर्धा तास पुरला. पगारदार माणूस असा आकडा ऐकून कुरकुरतो आणि पैसे देतो. व्हॅन चालवणारा पालक मात्र तो आकडा ऐकून गप्प बसतो आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून तशीच गाडी चालवतो. त्या व्हॅनमध्ये आपली मुले बसलेली असतात, आणि महामार्गावरून आपल्या शाळेकडे वळणाऱ्या फाट्यावर सायंकाळी सातनंतर मागून येणाऱ्या ट्रकला व्हॅन वळते आहे हे कळण्याचा इंडिकेटरवाचून दुसरा उपाय नसतो. या लेखाचे कारण एवढेच आहे.

वळण्याची सूचना देण्याची रीत यंत्राहून जुनी. हात बाहेर काढून दिशा दाखवण्याचे संकेत आजही आपल्या वाहन चालवण्याच्या नियमांत आहेत. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक ब्रिटिश मोटारींच्या दोन दारांमधील खांबातून एक छोटा दांडा सिग्नलच्या हातासारखा बाहेर येई. त्यात दिवा असे. तो दांडा अडकून बसे, मोडे, धुळीने गच्च होई. अमेरिकेत 1939 च्या ब्यूक गाड्यांवर कारखान्यातूनच उघडझाप करणारा दिशादर्शक दिवा आला आणि हळूहळू तीच पद्धत जगभर रूढ झाली. स्थिर दिव्यापेक्षा उघडझाप करणारा दिवा डोळ्याला लवकर दिसतो. म्हणून या उघडझापीचा वेगही ठरवून दिलेला आहे : मिनिटाला 60 हून कमी नाही आणि 120 हून जास्त नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 102 दिशादर्शक दिव्यांविषयी आहे. (आपल्या महामार्गांवर उजवा इंडिकेटर लावून मागच्याला ‘जा पुढे’ असे सांगण्याची ट्रकवाल्यांची एक परंपरा आहे. तीच खूण ‘मी उजवीकडे वळतो आहे’ अशीही असते. दोन अर्थांच्या या खुणेने किती घात केला असेल! आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे चालक आहेत त्यांनी तरी ही रीत सोडावी.)

आता ही उघडझाप होते कशी ते पाहू. जुन्या गाड्यांतील फ्लॅशर म्हणजे पत्र्याची एक गोल डबी असे. तिच्या आत दोन धातूंची एकावर एक चिकटवलेली पट्टी असायची. पितळ आणि पोलाद उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. पितळ अधिक फुगते. त्यामुळे तापलेली पट्टी एका बाजूला वाकते. विद्युतप्रवाहाने पट्टी तापली की वाकून संपर्क सोडी आणि दिवा विझे. थंड झाली की पूर्ववत होऊन पुन्हा संपर्क साधी आणि दिवा पेटे. रचना साधी आणि स्वस्त. परंतु ती उष्णतेवर चालत असल्याने थंडीच्या पहाटे तिचा वेग निराळा आणि वैशाखाच्या दुपारी निराळा.

नंतरच्या गाड्यांत ही पट्टी गेली आणि तिच्या जागी विजेवर चालणारा रिले आला. त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली दोन भाग असतात. पहिला भाग वेळ मोजतो. त्यात एक छोटे संधारित्र म्हणजे कपॅसिटर असते. रांजणाच्या गळतीखाली ठेवलेले भांडे जसे थेंबाथेंबाने भरते, तसे ते विजेने भरत जाते; ठरावीक पातळी आली की एक चिप दुसऱ्या भागाला हुकूम देते, भांडे रिते होते आणि पुन्हा भरू लागते. दुसरा भाग म्हणजे खरा रिले : लोखंडाच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार आणि तिच्यासमोर स्प्रिंगने तोललेली लोखंडी पट्टी. तारेतून वीज गेली की गाभा चुंबक बनतो, पट्टी खेचली जाते, संपर्क जुळतो, दिवा पेटतो. वीज थांबली की चुंबकत्व जाते, स्प्रिंग पट्टीला मागे ओढते. पट्टीच्या या ये-जा करण्याचाच आवाज म्हणजे आपली टिकटिक. थोड्या विजेने अधिक विजेचे दार उघडायचे, ही रिलेची सारी करामत.

या विद्युतचुंबकाच्या मागे एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. विजेने लोखंडाचे चुंबक बनवणारा विल्यम स्टर्जन हा इंग्लंडमधील एका चांभाराचा मुलगा. जन्म 1783. लहानपणी त्यालाही जोडे शिवण्याच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवण्यात आले होते. ते सोडून तो सैन्यात, तोफखान्यात साधा शिपाई म्हणून गेला आणि तेथे त्याने रात्री जागून गणित व पदार्थविज्ञान यांचे अध्ययन केले. 1820 साली सैन्यातून बाहेर पडल्यावर त्याने पुन्हा बूट शिवण्याचा धंदा मांडला. 1824 मध्ये तो ॲडिस्कम येथील लष्करी विद्यालयात विज्ञानाचा व्याख्याता झाला. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानात पाठवायचे आपले अधिकारी याच विद्यालयात घडवीत असे. 1825 साली त्याने नालाच्या आकाराचा लोखंडाचा तुकडा लोकांपुढे ठेवला. तुकड्याचे वजन सुमारे 200 ग्रॅम. त्याभोवती तारेचे मोजके वेढे. त्यातून वीज सोडताच त्याने सुमारे 4 किलो वजन उचलून धरले. जगातल्या प्रत्येक रिलेत, प्रत्येक विजेच्या घंटेत आणि मोटरमध्ये तोच नाल कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. इंग्लंडातही वर्गभेद होता आणि स्टर्जनची अखेरची वर्षे हलाखीत गेली. तरी चामडे शिवणाऱ्या हाताने तार गुंडाळू नये, असे सांगणारे शास्त्र तेथे नव्हते.

आपल्याकडे ते होते, आणि यंत्र आल्यानंतरही ते संपले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यात काम मिळे. अधिक मजुरीचे विणकाम खाते मात्र त्यांना बंद होते. कारण यांत्रिक नव्हतेच. धोट्यातली कांडी संपली, की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागतात त्याला आपले ओठ लावण्यास इतर जातींचे कामगार तयार नसत. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना 29 ऑक्टोबर 1942 च्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली, ती विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी : दरसाल 2 लाख रुपये. नुसत्या कला व कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे भागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी आहे. स्वतः कायदेपंडित आणि अर्थशास्त्रज्ञ असलेला पुरुष रेल्वेच्या कारखान्यातील उमेदवारीचा आग्रह धरतो, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. आपल्या पिढीने पदवी मिळवली, नोकरी मिळवली, आणि हाताला तेल लागणे म्हणजे मागे जाणे अशी एक समजूत नकळत मनात धरली. आपल्या पूर्वजांवर लादले गेले ते श्रम, आणि समजून-उमजून हातात घेतलेला पाना, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. रिले बदलणे सोपे आहे. दोष रिलेतच आहे हे ठरवणे हा खरा विचाराचा भाग. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले ते आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात नेहमी ऐकतो : ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. गाडीच्या बाबतीत पारखणे म्हणजे लक्षणावरून कारणाकडे जाणे.

एकाच बाजूची टिकटिक फार वेगाने होत असेल आणि दुसऱ्या बाजूची नेहमीसारखी असेल, तर रिलेला दोष देऊ नये. तो आपले काम चोख करतो आहे. इंडिकेटरचा पुढचा व मागचा बल्ब सामान्यतः प्रत्येकी 21 वॅटचा आणि बाजूचा छोटा 5 वॅटचा असतो. एकूण 47 वॅट. 12 व्होल्टच्या गाडीत याचा अर्थ जवळपास 4 अँपिअर प्रवाह. एक मोठा बल्ब उडाला की प्रवाह निम्म्याच्या आसपास येतो; इलेक्ट्रॉनिक रिलेला ते कळते आणि तो मुद्दाम दुप्पट वेगाने उघडझाप करून चालकाला जागे करतो. अशा वेळी बल्ब पाहावा, त्याचा होल्डर पाहावा. आपल्याकडच्या पावसात होल्डरला हिरवा गंज चढतो. पॉलिश पेपरने तो घासला तरी बऱ्याचदा काम होते. इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही सोबत मंद लुकलुकत असेल, तर त्या दिव्याचे अर्थिंग गेले आहे, म्हणजे बॉडीशी जोडलेली त्याची वायर सैल किंवा गंजलेली आहे. तेथेही रिले निर्दोष.

दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद, पण चारही दिवे एकदम लावणारे लाल त्रिकोणाचे बटण दाबले की सर्व व्यवस्थित उघडझाप करतात, असे झाले तर? ज्या गाड्यांत दोन्ही कामांना एकच रिले असतो तेथे तो जिवंत असल्याचा हा पुरावा. मग इंडिकेटरचा फ्यूज पाहावा. तो बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. फ्यूज चांगला असेल तर त्या त्रिकोणी बटणावरच संशय घ्यावा. अनेक गाड्यांत इंडिकेटरची वीज या बटणातून होऊन रिलेकडे जाते. वर्षानुवर्षे न दाबल्यामुळे बटणाच्या आतील संपर्कांवर मळी साचते. ते दहा-पंधरा वेळा दाबून सोडल्यावर इंडिकेटर सुरू झाल्याची उदाहरणे मेकॅनिक मंडळी हसत हसत सांगतात.

आणि दोन्ही बाजूंचे दिवे पेटतात पण उघडझाप नाही. किंवा त्रिकोणी बटण दाबूनही काहीच होत नाही व फ्यूज शाबूत आहे. किंवा टिकटिक कधी येते, कधी डॅशबोर्डवर हलकी चापट मारल्यावर येते, तर मात्र रिलेकडे यावे.

तो बहुतेक लहान गाड्यांत चालकाच्या पायांच्या वर, डॅशबोर्डखाली, फ्यूजपेटीच्या आत किंवा शेजारी असतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किंवा फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस त्याची जागा दाखवलेली असते. त्याच्या अंगावर 12 व्होल्ट आणि बल्बच्या वॅटचे आकडे छापलेले असतात. पिनांजवळ ‘बी’, ‘एल’, ‘ई’ ही इंग्रजी अक्षरे किंवा 49, 49ए, 31 हे आकडे असतात. ‘बी’ म्हणजे बॅटरीकडून येणारी वीज, ‘एल’ म्हणजे दिव्यांकडे जाणारी, ‘ई’ म्हणजे अर्थ. जर्मन पद्धतीत हेच अनुक्रमे 49, 49ए व 31 होते.

चावी बंद करून रिले सरळ खाली किंवा बाहेर ओढावा. डावी-उजवीकडे थोडा हलवत काढावा. वायर धरून कदापि ओढू नये. आता सॉकेटची तपासणी. त्यासाठी मल्टिमीटर हवा, किंवा दोन वायरी जोडलेला 12 व्होल्टचा साधा टेस्टलॅम्प पुरे. चावी ‘ऑन’ करावी, इंजिन सुरू करू नये. टेस्टलॅम्पची एक वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला लावून दुसरी सॉकेटच्या ‘बी’ जागी टेकवावी. लॅम्प पेटला तर रिलेपर्यंत वीज येते आहे. मग लॅम्पची एक वायर ‘बी’ जागी ठेवून दुसरी ‘ई’ जागी लावावी. पेटला तर अर्थही ठीक आहे. शेवटी, मध्ये 10 अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरीच्या तुकड्याने ‘बी’ आणि ‘एल’ या दोन जागा एकमेकींना जोडाव्यात आणि इंडिकेटरचा दांडा उजवीकडे करावा. उजवे दिवे स्थिर पेटले पाहिजेत. दांडा डावीकडे केला की डावे. असे झाले म्हणजे बॅटरीपासून दिव्यांपर्यंतची वाट, स्विचसह, शाबूत आहे; जे नाही ते केवळ उघडझाप करणारे यंत्र. गॅरेजमध्ये ‘पूर्ण स्विच बदला’ असे कोणी सांगितले तर हा एक प्रयोग त्याचे उत्तर आहे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी : ‘बी’ आणि ‘ई’ या जागा वायरीने थेट कधीही जोडू नयेत. त्याने शॉर्ट सर्किट होते. फ्यूज वाचवील, पण फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळून ठेवली असेल तर वायरिंग पेटू शकते. आणि आपल्याकडे जुन्या गाड्यांत तशी तार पुष्कळदा असते.

लॅम्प ‘बी’ जागी पेटलाच नाही तर रिले आणण्याची घाई नको. वीज अलीकडेच कोठेतरी अडली आहे. ‘बी’ आणि ‘एल’ जोडूनही दिवे पेटले नाहीत, तर दोष स्विचमध्ये किंवा पुढच्या वायरीत. तेथे जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे. पण जाताना आपण काय तपासले हे त्याला सांगावे. प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्याची तऱ्हा लगेच बदलते, हा माझा अनुभव आहे. आपल्या भगिनींना तर तो अधिक येईल.

नवा रिले घेताना जुना सोबत न्यावा. पिना तीनच असल्या तरी त्यांचा क्रम सगळीकडे एक नसतो. रिले सॉकेटमध्ये बसतो म्हणून तो योग्यच असे नव्हे. ‘बी’ आणि ‘एल’ उलट असतील तर तो चालणार नाही, ‘बी’ आणि ‘ई’ उलट असतील तर तो जळेल. वॅटचे आकडेही जुळले पाहिजेत. ज्यांनी गाडीत एलईडी बल्ब बसवून घेतले आहेत त्यांची तक्रार वेगळी असते : सारे बल्ब शाबूत असताना टिकटिक वेगाने होते. एलईडी फार थोडी वीज घेतो. जुन्या रिलेला वाटते बल्ब उडाला. काही ठिकाणी यावर 6 ओहमचा रोधक जोडून देतात. म्हणजे वीज वाचवण्यासाठी एलईडी घ्यायचा आणि 24 वॅट वीज उष्णता करून उधळायची. तो रोधक हाताला चटका बसेल इतका तापतो आणि प्लॅस्टिकला लागून ठेवला तर ते वितळते. एलईडीसाठी बनवलेला रिले मिळतो, तोच घ्यावा.

बसवण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे वजा खुणेची वायर काढावी. बहुधा 10 मिलिमीटरचा पाना लागतो. आधी वजाच का? गाडीचे सारे लोखंड वजा बाजूला जोडलेले असते. अधिक बाजूचा नट प्रथम सैल करू गेल्यास पाना बॉडीला टेकताच ठिणग्या उडतात. वजा आधी काढली की ही भीती राहत नाही, आणि जोडताना ती शेवटी जोडायची. एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरी काढल्यावर काही मिनिटे थांबावे, आणि स्टिअरिंगभोवतीच्या पिवळ्या आवरणाच्या वायरींना वा त्यांच्या जोडांना हात लावू नये. हातातील कडे, घड्याळ, अंगठी काढून ठेवावी. सॉकेटमधील पितळी पट्ट्या हिरव्या वा काळ्या पडल्या असतील तर पॉलिश पेपरच्या अरुंद घडीने हळुवार घासाव्यात. पट्टी सैल वाटली तर बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने किंचित आत दाबावी, म्हणजे पिन घट्ट बसेल. सैल पिन तापते आणि नवा रिलेही लवकर मरतो. माझ्या समजुतीप्रमाणे ‘डुप्लिकेट माल’ म्हणून ज्यांची निंदा होते त्यांतले निम्मे रिले सैल सॉकेटने मेलेले असतात. त्यानंतर नवा रिले सरळ आत दाबावा, फ्यूजपेटीचे झाकण लावावे, बॅटरी जोडावी. गाडीचे घड्याळ पुन्हा लावावे लागेल.

काम नीट झाले की नाही ते मोजून पाहावे. हातातील घड्याळावर अर्धा मिनिट धरून टिकटिक मोजावी. 30 ते 60 च्या दरम्यान आली पाहिजे. मग त्रिकोणी बटण दाबून चारही बाजूंचे दिवे दोन-तीन मिनिटे चालू ठेवावेत. या वेळी रिलेवर दुप्पट, म्हणजे 94 वॅटचा भार असतो; पावसात गाडी रस्त्याकडेला उभी करावी लागली तर नेमका हाच भार त्याला सोसायचा आहे. रिले कोमट झाला तर चालेल, चटका बसण्याइतका तापता कामा नये. दुसऱ्या कोणाला गाडीभोवती एक फेरी मारायला सांगून सर्व दिवे डोळ्यांनी पाहून घ्यावेत. घरातील मुलाला किंवा मुलीला हे काम द्यावे.

अलीकडच्या अनेक गाड्यांत स्वतंत्र फ्लॅशर नसतो. उघडझाप एका मध्यवर्ती संगणकीय पेटीतून होते आणि ऐकू येणारी टिकटिकही स्पीकरमधून काढलेली असते. तेथे डॅशबोर्डखाली रिले शोधत बसू नये. बल्ब, होल्डर, अर्थिंग आणि फ्यूज यांची वर सांगितलेली तपासणी मात्र तेथेही जशीच्या तशी लागू आहे. गाडी वॉरंटीत असेल तर विजेच्या कामाला हात लावण्यापूर्वी वॉरंटीचा कागद वाचावा.

जुना रिले कृपया फेकू नये. त्याचे प्लॅस्टिकचे टोपण खालच्या कडेला चाकूचे टोक घालून अलगद निघते. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे, स्प्रिंगवरची पट्टी आणि संपर्काचे दोन ठिपके उघड्या डोळ्यांनी दिसतात. मेलेल्या रिलेत बहुधा त्या ठिपक्यांवर काळा डाग असतो किंवा ते एकमेकांना चिकटलेले असतात. आठवी ते दहावीच्या मुलांना विद्युतचुंबक शिकवताना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा अशी वस्तू अधिक उपयोगी पडते, हे आमच्या विज्ञान शिक्षकांचे मत आहे. पालक मेळाव्याला येताना असे जुने रिले, जळलेले बल्ब आणि निकामी होल्डर सोबत आणून प्रयोगशाळेत द्यावेत. फक्त रिलेच्या पिना वाकवू नयेत आणि त्यांच्याजवळची अक्षरे खरवडून टाकू नयेत, कारण मुलांना ती वाचायची आहेत.